खर्चाआधी मोजणी

‘लॅपटॉप स्लो झालाय’ असं म्हणत माणूस रिपेअरिंगच्या दुकानात जातो, तेव्हा या तीन शब्दांपलीकडे त्याच्याकडे काहीच माहिती नसते. काउंटरमागचा कारागीर विचारतो, किती जुना आहे? मग तीनपैकी एक सल्ला मिळतो. फॉरमॅट मारून घ्या, रॅम वाढवा, नाहीतर आता नवीनच घ्या. यांतला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपसाठी अगदी योग्य असतो. आपल्या हातातल्या लॅपटॉपला कोणता लागू पडतो, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजण्याची साधनं त्याच लॅपटॉपमध्ये, विकत घेतल्या दिवसापासून, एक पैसाही जादा न घेता बसलेली असतात. ही पुस्तिका त्या साधनांची ओळख करून देण्यासाठी लिहिली आहे.

ती कोपरीतल्या वाचकाला समोर ठेवून लिहिली आहे. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला अष्टविनायक चौक, दौलतनगर, सिंधी कॉलनी, ठाणेकरवाडी, मीठबंदर रोड अशा वस्तीत घर लहान असतं आणि लॅपटॉप बहुधा एकच. तो सगळ्यांचा असतो. मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट त्यावर, वडिलांचं टॅली आणि जीएसटीचं काम त्यावर, आईच्या शिकवण्या त्यावर. आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप बंद पडला, तर त्याला गर्दीची लोकल गाठण्यावाचून इलाज नसतो. अशा घरात तीस-चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप घेणं हा कुटुंबाचा निर्णय असतो. तो अंदाजावर घेतला जाऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

दुसरं कारण हवेचं. कोपरी खाडीला लागून आहे. मीठबंदराच्या बाजूने येणारी दमट, खारट हवा, पावसाळ्यातले चार महिने घरात न सुकणारे कपडे, रस्त्यांच्या आणि स्टेशनबाहेरच्या बांधकामाची धूळ, हे सगळं लॅपटॉपच्या पंख्यातून आत जातं. पंख्यापुढे तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते. ओलसर धूळ त्या जाळीवर जाड थरासारखी बसते, आणि बाहेरून पुसलेला, चकचकीत लॅपटॉप आतून गुदमरत असतो. याचा थेट संबंध वेगाशी आहे. तो आकड्यांत दिसतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

प्रोसेसरला एकच वेग नसतो. २०१७ साली आलेला आणि आजही कितीतरी घरांत असलेला इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ८२५०यू घ्या. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बो वेग ३.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे काम आलं की तो दुपटीहून जास्त धावू शकतो, पण तापमान आणि वीज यांची मुभा असेल तरच. चिपचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेकडे सरकू लागलं की तो स्वतःहून वेग उतरवतो. हे त्याचं संरक्षण आहे, बिघाड नव्हे. मे महिन्याच्या दुपारी गादीवर ठेवलेल्या, जाळी चोंदलेल्या लॅपटॉपमध्ये मात्र ही मर्यादा काही मिनिटांत गाठली जाते. मग व्हिडिओ कॉल सुरू असताना आवाज तुटतो, एक्सेल अडतं, आणि आपण म्हणतो की प्रोसेसर म्हातारा झाला.

हे ओळखायला बाहेरचं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर क्लिक केलं की आलेखाखाली ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ असे दोन आकडे दिसतात. लॅपटॉपवर खरंच भार असताना, म्हणजे वापर शंभर टक्क्यांच्या आसपास असताना, चालू वेग मूळ वेगाच्या वर राहत असेल तर यंत्र निरोगी आहे. सुरुवातीला वर जाऊन पाच-दहा मिनिटांत मूळ वेगाच्याही खाली घसरत असेल, पंखा घोंघावत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. इथे रॅम वाढवून किंवा फॉरमॅट मारून काहीही होणार नाही. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलणं हा काही शे रुपयांचा उपाय आधी करायला हवा. वेग घसरून चारशे-आठशे मेगाहर्ट्झवर चिकटून बसला, आणि लॅपटॉप गारही असला, तर चार्जर तपासावा. काही कंपन्यांच्या लॅपटॉपला मूळ चार्जर ओळखता आला नाही की ते मुद्दाम सावकाश चालतात. लोकलच्या धक्काबुक्कीत पिन वाकलेला किंवा बाजारातून घेतलेला स्वस्त चार्जर असा त्रास देऊ शकतो.

आकडा वाचण्याची एक सवय इथे सांगायला हवी. चार कोअर आणि आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर एखादं जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर एकाच थ्रेडवर काम करत असेल, तर तो थ्रेड पूर्ण थकलेला असतानाही एकूण वापर जेमतेम बारा-पंधरा टक्के दिसतो. आपल्याला वाटतं, प्रोसेसर तर रिकामा आहे. आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडलं की आठ वेगळे आलेख दिसतात आणि त्यातला एक छताला टेकलेला सापडतो. एकाच सरासरीवर विसंबलं तर असा घोटाळा होतो.

सगळं एकाच आकड्यात सांगण्याचा मोह मोठमोठ्यांनाही पडला आहे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने यंत्राला गुण देणारी सोय ठेवली होती. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि हार्ड डिस्क यांना वेगवेगळे गुण मिळत आणि १ ते ५.९ या पट्टीवर एकूण गुण दिसे. विंडोज ७ मध्ये ही पट्टी ७.९ पर्यंत आणि विंडोज ८ मध्ये ९.९ पर्यंत वाढली. त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट अशी, की एकूण गुण सरासरीने काढलेला नसे. सर्वांत कमजोर भागाला जो गुण, तोच संपूर्ण यंत्राचा. महागडा प्रोसेसर आणि रडतखडत चालणारी डिस्क असलेल्या लॅपटॉपला डिस्कचाच गुण मिळे. विंडोज ८.१ पासून ही पाटी पडद्यावरून गेली, पण तिच्यामागचं विनसॅट हे साधन त्यानंतरही विंडोजच्या पोटात राहिलं आणि कमांड देऊन चालवता येतं. गुण आज फारसे कामाचे नाहीत, कारण ती पट्टी जुन्या काळची आहे. कमजोर भाग शोधण्याची ती दृष्टी मात्र मी या पुस्तिकेत पाया म्हणून घेतली आहे.

कागदावरची ताकद आणि प्रत्यक्षातली ताकद यांतलं अंतर मोजण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रालाही नवी नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा भारताचा पहिला महासंगणक उभा राहिला. महासंगणकाबद्दलचा दावा तोंडी चालत नाही. तो ठरलेला हिशेब किती वेगाने सोडवतो, ते दाखवावं लागतं. १९९३ पासून निघणाऱ्या जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत तर प्रत्येक यंत्रापुढे दोन आकडे छापतात. एक, सिद्धांताप्रमाणे गाठता येणारा कमाल वेग, आणि दुसरा, चाचणीत खरोखर मिळालेला. क्रमवारी दुसऱ्यावरून लागते. सी-डॅकचा परम पद्म २००३ साली या यादीत १७१व्या क्रमांकावर आला, तो याच मोजणीने. लॅपटॉपच्या खोक्यावरचा गिगाहर्ट्झचा आकडा पहिल्या प्रकारचा असतो. आपल्या कामाचा आकडा दुसऱ्या प्रकारचा, आणि तो आपल्यालाच काढावा लागतो.

आता डिस्क. माझ्या मते जुन्या लॅपटॉपच्या मंदपणाचं सर्वांत मोठं आणि सर्वांत स्वस्तात सुटणारं कारण हेच आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा ‘ॲक्टिव्ह टाइम’ शंभर टक्के दिसतो, पण वाचनाचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबाइटही नसतो, हे पाहून लोक गोंधळतात. शंभर टक्के काम चाललंय तर माल कुठे आहे? याचं उत्तर डिस्कच्या रचनेत आहे. लॅपटॉपमधली जुनी फिरती हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे आणि एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्याआधी डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे असतील तर एका सेकंदात साठ-सत्तर तुकड्यांपलीकडे ती जाऊच शकत नाही. चार किलोबाइटचा एक तुकडा धरला, तर हिशेब सेकंदाला पाव मेगाबाइटच्या आसपास येतो. विंडोज सुरू होताना नेमके असेच हजारो छोटे तुकडे मागितले जातात. डिस्क बिचारी पूर्ण वेळ राबते आहे, तिचा वेळ फिरण्यात आणि सरकण्यात जातो आहे. एसएसडीत फिरणारं काही नसतं. तीच विनंती ती एका मिलिसेकंदाच्या अंशात पुरी करते. म्हणून ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हा आकडा पाहावा. साध्या वापरात तो वारंवार शेकडो मिलिसेकंदांवर जात असेल आणि डिस्क फिरती असेल, तर नव्या लॅपटॉपची चौकशी थांबवून आधी एसएसडीची करावी. डिस्क कोणत्या प्रकारची आहे, हे त्याच पानावर ‘टाइप’ या शब्दापुढे लिहिलेलं असतं. विंडोज ११ मध्ये, एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर, स्टोरेजच्या सेटिंगमध्ये तिचं अंदाजे उरलेलं आयुष्य टक्क्यांत आणि तिचं तापमानही दिसतं. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

रॅमबद्दल एक भीती घालवायला हवी. रॅम भरलेली दिसणं म्हणजे बिघाड नव्हे. विंडोज मोकळी जागा वाया न घालवता, पुढे लागेल अशी माहिती आधीच आणून ठेवतं आणि गरज पडली की सोडून देतं. पाहायचा आकडा ‘अव्हेलेबल’. तो दोन-तीनशे मेगाबाइटपर्यंत खाली आलाय आणि त्याच वेळी डिस्कही धापा टाकतेय, असं दोन्ही एकदम दिसलं तरच रॅम कमी पडते आहे असं म्हणावं. वाढवायची ठरली तर दुकानात जाण्याआधी त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ वाचा. दोनपैकी एक वापरात असेल तर काम सोपं. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर डाखलेली आहे आणि ती बदलता येत नाही. मोकळा स्लॉटही नसेल तर विषय तिथेच संपतो. ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ हा आकडाही बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेले काही लॅपटॉप आठ जीबीपैकी चांगला मोठा वाटा चित्रासाठी बाजूला काढतात, आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो.

एक छोटी गोष्ट सीपीयूच्याच पानावर ‘अप टाइम’ नावाने असते. लॅपटॉप रोज शट डाउन करणाऱ्यालाही तिथे पंधरा-वीस दिवसांचा आकडा दिसतो. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुन्हा तसाच उचलला जातो. पाटी कोरी होते ती रीस्टार्टने. कितीतरी तक्रारी तेवढ्याने मिटतात.

बॅटरीसाठी विंडोजमध्ये पॉवरसीएफजी नावाचं साधन आहे. त्याला बॅटरीरिपोर्टची आज्ञा दिली की ब्राउझरमध्ये उघडणारा अहवाल तयार होतो. कमांड जशा टाइप करायच्या तशाच, पडद्याच्या चित्रांसह, पुढच्या प्रकरणांत दिल्या आहेत. अहवालात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे शेजारी असतात. पहिला ४२,००० मिलिवॅट-तास आणि दुसरा २४,००० असेल, तर बॅटरीत ५७ टक्के जीव उरला आहे. नवा असताना पाच तास चालणारा लॅपटॉप आता तीन तासांच्या आतच मान टाकणार. सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांनी हा अहवाल विक्रेत्यासमोरच काढावा, असं मी आग्रहाने सांगेन. कोपरीहून लॅमिंग्टन रोडला जाऊन रिफर्बिश्ड लॅपटॉप घेणारी कॉलेजची मुलं खूप आहेत. ‘बॅकअप चांगला आहे’ या तोंडी शब्दाऐवजी त्यांच्या हातात दोन आकडे असतील. मात्र हे आकडे बॅटरीतल्या चिपने सांगितलेले असतात. बदललेली हलक्या प्रतीची बॅटरी स्वतःबद्दल खोटंही सांगू शकते, आणि काही यंत्रांत चार्जच्या फेऱ्यांची जागा कोरीच राहते. म्हणून अहवालाबरोबर चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहावा.

साधनांच्या मर्यादा लपवून ठेवणं वाचकाशी अप्रामाणिकपणाचं होईल. टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही, ते वेगाच्या घसरणीवरून ताडावं लागतं. विंडोजची मेमरी तपासणी पास झाली म्हणजे रॅम निर्दोष ठरली असं नाही, नापास झाली तर मात्र दोष नक्की मानावा. ढिली झालेली बिजागरी, पाणी सांडून गंजू लागलेला बोर्ड, पडद्यावरची रेघ यांबद्दल सॉफ्टवेअर काहीच बोलत नाही. तिथे कारागिराचे डोळे आणि हात लागतात. कोपरीच्या गल्ल्यांत भिंगाखाली एकेक घटक डाखणारे असे कारागीर आहेत आणि त्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ही पुस्तिका त्यांच्याविरुद्ध नाही. ‘स्लो झालाय’ ऐवजी ‘भार आल्यावर वेग नऊशे मेगाहर्ट्झवर येतो’ असं सांगणारं गिऱ्हाईक आलं, तर चांगल्या कारागिराचा वेळ वाचतो. अंदाजाने सुटे भाग बदलणाऱ्याला मात्र जपून राहावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

मॅक वापरणाऱ्यांसाठी ॲक्टिव्हिटी मॉनिटर आणि बॅटरीच्या फेऱ्यांची माहिती, लिनक्सवाल्यांसाठी टॉप, फ्री आणि एलएससीपीयू यांवर एकेक छोटं प्रकरण आहे. भर विंडोजवर आहे, कारण घरोघरी तेच आहे.

एक ताजी गोष्टही हे लिहायला भाग पाडणारी ठरली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं नियमित समर्थन थांबवलं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सातव्या पिढीचे, उत्तम चालणारे लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरवले गेले. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकू नये. पण यंत्र पात्र नसणं आणि यंत्र कमकुवत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क चांगली, बॅटरी सत्तर टक्क्यांवर, वेग टिकून, असा लॅपटॉप लिनक्स टाकून मुलांच्या अभ्यासाला आणखी काही वर्षं देता येतो. भंगारात तो जाण्याआधी त्याची मोजणी झाली पाहिजे.

वाचकांना एक विनंती आहे. लॅपटॉप आज नीट चालत असेल तर आजच बॅटरीचा अहवाल काढा, टास्क मॅनेजरच्या सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन पानांचे फोटो मोबाइलवर घ्या आणि तारीख घालून जपून ठेवा. सुरू केल्यावर दहा मिनिटं थांबून, अपडेट आणि अँटीव्हायरसची धावपळ शांत झाल्यावर घ्या, म्हणजे आकडे खरे मिळतील. दर सहा महिन्यांनी तेच करा. पहिली मोजणी पहिलं प्रकरण उघडण्याआधीच करून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक प्रकरणात तुम्हाला तुमच्याच लॅपटॉपचे आकडे लागणार आहेत.